आडात आणि पोहऱ्यात

"अगं, तुझे कान गेलेत. कसला आवाज येतोय? मला तर काहीच ऐकू येत नाही."

आमच्या घरातलं साउंड कार्डाचं रामायण सुरू झालं ते ह्या वाक्यापासून. पण आधीची गोष्ट सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

१९८९ साली माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. कोरेगाव तालुक्यात आमचं आजोळ. हळद दळायला जातं मांडलं होतं आणि जात्यावर आजी बसली होती. भावाकडे नवाकोरा टू-इन-वन होता. त्यात मी साठ मिनिटांची कोरी कॅसेट घातली आणि गुपचूप तो जात्याजवळ पाटावर ठेवून दिला. आजीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती पदर तोंडाला लावून गप्प बसली असती. तिच्या गळ्यातून एकामागून एक ओव्या येत गेल्या. मध्येच पोरांचा गलका, बांगड्यांची किणकिण, कुणीतरी चहाचं विचारतंय, असं सगळं त्या कॅसेटमध्ये उतरलं. तीन वर्षांनी आजी गेली. कॅसेट माझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली पडून राहिली.

गेल्या दिवाळीत मुलगा बंगळुरूहून आला, तेव्हा जाताना कॅसेट घेऊन गेला आणि त्याने ती कॉम्प्युटरवर उतरवून पाठवली. मी ठरवलं, आता एक वही करायची. आजीच्या सगळ्या ओव्या लिहून काढायच्या. नातीला कधीतरी वाचाव्याशा वाटतील, नाही वाटल्या तरी वही राहील. दुपारी जेवणं आवरली की मी हॉलमधल्या कॉम्प्युटरपुढे बसायची, कानाला हेडफोन लावायची, चार शब्द ऐकायचे, थांबवायचं, लिहायचं.

आणि तिथेच अडलं. हेडफोनमध्ये सारखं 'चिर्र' वाजायचं. माउस हलवला की चिर्र, पडद्यावरचं पान खाली सरकवलं की चिर्र. त्यातच एका ओवीतला एक शब्द काही केल्या पक्का लागेना. मला ऐकू येत होतं 'मुरली'. पण ओवी होती सासरी असलेल्या लेकीची, दिवाळीला माहेरची वाट बघणारी. तिच्यात ही कृष्णाची मुरली कुठून आली? तीस वेळा मागे नेऊन ऐकलं असेल. आवाज वाढवून बघितला, तर आजीबरोबर चिर्रही वाढली.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, वेगळं साउंड कार्ड घे. आवाज एकदम क्लिअर होईल." हे वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी हेडफोन कानाला लावला, दोन मिनिटं ऐकलं आणि वर लिहिलेलं वाक्य माझ्या तोंडावर फेकलं.

मला राग आला. शिवणाच्या पैशांतून आठ हजार बाजूला टाकले होते. म्हटलं, घेतेच आता.

डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरच्या सुट्या भागांसाठी जाणारं कुणी त्याला त्या नावाने विचारत नाही. हे सोबत होते. एका दुकानात शिरलो. प्रश्न मी विचारत होते आणि दुकानदार उत्तरं ह्यांना देत होता. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "आंटी, एकदा ऐका, मग बोला." त्याने आधी साध्या कॉम्प्युटरवर एक गाणं लावलं, मग साडेसात हजारांच्या कार्डावर तेच गाणं. खरंच, दुसऱ्यांदा गाणं कसं उठून आलं! ढोलकीसुद्धा भरीव वाटली. मी पर्स उघडणार, इतक्यात ह्यांनी आपल्या सवयीने "घरी जाऊन विचार करतो" म्हटलं आणि माझा दंड धरून बाहेर काढलं. येताना गाडीत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

पण मैत्रिणींनो, कधी कधी नवऱ्याची चिकट सवयही कामाला येते.

पुढच्या रविवारी पुतणी जेवायला आली. ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, एका कंपनीत यंत्रांच्या चाचण्या घेते. तिला सगळी हकिगत सांगितली. तिने हेडफोन लावला आणि लगेच म्हणाली, "काकू, येतेय की चिर्र. चांगली मोठी येतेय." मी ह्यांच्याकडे नुसतं बघितलं.

मग तिने काय करावं? हेडफोनची पिन कॅबिनेटच्या पुढच्या भोकातून काढली, वाकून पाठीमागच्या हिरव्या भोकात घातली आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. चिर्र गेली! पैसा नाही, काही नाही.

तिने समजावून सांगितलं. पुढचं भोक म्हणजे एक लांब वायर. ती कॅबिनेटच्या पोटातून, बाकीच्या सगळ्या विजेच्या गर्दीतून पुढे येते. तिचं आवरण यथातथाच असलं, की माउस हलल्यावर आत जी धावपळ होते ती तिच्यात शिरते आणि आपल्याला चिर्र ऐकू येते. मागचं भोक थेट मुख्य पट्टीवर, मदरबोर्डवर असतं. तिथे ती वाटच नसते. लॅपटॉपवाल्यांनी चार्जर काढून बघायचं. चार्जर काढल्यावर गुणगुण थांबली, तर दोष विजेच्या जोडणीत किंवा चार्जरमध्ये. त्यासाठी भिंतीतलं अर्थिंग तपासायला हवं. हे ऐकून हे लगेच टेस्टर घेऊन उठले.

"म्हणजे कार्ड नको?" मी विचारलं. खरं सांगते, थोडी हिरमुसलेच होते. दुकानातला तो आवाज कानात बसला होता.

"ते तूच ठरव," म्हणत तिने पिशवीतून एक डबी काढली. तळहाताएवढी, यूएसबीने जोडायची. तिचं स्वतःचं साउंड कार्ड. डबीवर निळा दिवा लागला. आजीची ओवी सुरू झाली. काय सांगू तुम्हाला! आजी समोर येऊन बसल्यासारखी वाटली. जात्याची घरघर वेगळी, बांगड्या वेगळ्या. 'मुरली'सुद्धा अगदी स्वच्छ. मी म्हटलं, "बघ, हाच तो फरक."

पुतणी हसायला लागली. "काकू, डबीचा नुसता दिवा लागलाय. तुझी पिन अजून मागच्या भोकातच आहे."

मी हेडफोन काढून वायर हाताने चाचपली. पिन मागच्या भोकातच होती. कार्डातून मी काही ऐकलंच नव्हतं. ऐकला होता तो निळा दिवा.

लाजले, पण तिने लाजू दिलं नाही. "सगळ्यांचं असंच होतं," ती म्हणाली. "कान एकटा ऐकत नाही. डोळे ऐकतात, किंमत ऐकते, आपली हौस ऐकते." दुकानातली दुसरी गंमतही तिनेच उलगडली. दोन आवाजांतला एक किंचित मोठा असला, तर आपल्याला तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. त्या दुकानदाराने मुद्दाम केलं असेल असं नाही, पण कार्डातून जोर जास्त येतो आणि गाणं उठून आल्यासारखं वाटतं. म्हणून तुलना करायची तर आधी दोन्ही आवाज एका मापाचे करायला हवेत आणि डोळे बांधायला हवेत.

मापासाठी ह्यांचा मल्टिमीटर निघाला. कॉम्प्युटरवर भुंग्यासारखा एकसुरी आवाज लावला. हेडफोन जोडलेला ठेवून, दोन तोंडांच्या पिनेवर आधी मागच्या भोकातला व्होल्टेज मोजला, मग कार्डातला, आणि दोन्ही अगदी सारखे येईपर्यंत कार्डाचा आवाज कमी केला. तेव्हा कळलं, कार्ड मुळात किती मोठ्याने वाजत होतं! निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ह्यांच्या चेहऱ्यावर ड्यूटीवर असल्याचं तेज आलं होतं.

मग माझ्या डोळ्यांना ओढणी. हे नाणं उडवणार. छापा आला तर कार्ड, काटा आला तर मागचं भोक. पिन बदलताना माझे कान उघडे नकोत, म्हणून तेवढ्यापुरता हेडफोन काढून मी पाटावरचे पाढे म्हणायचे. पुतणी माझ्या मागे बसून नुसतं लिहिणार, बोलणार नाही. म्हणजे तिच्या सुरावरूनही मला काही कळायला नको. असं सोळा वेळा. नुसते ठोकताळे मारले तरी सोळातले आठ बरोबर येतातच. बारा किंवा जास्त आले, तर म्हणायचं की हिला खरंच फरक कळतोय.

माझे आले नऊ.

एवढं होऊनही प्रत्येक वेळी मी ठासून सांगत होते, "हे कार्ड!" एकदा तर "ह्यात आजीचा श्वास ऐकू येतोय" असंही म्हणाले म्हणे. ते होतं मागचं भोक.

माझंच असं होतं असं नाही. अमेरिकेत ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान ह्या दोघांनी अशी परीक्षा मोठ्या प्रमाणावर घेतली आणि २००७ साली ध्वनिअभियंत्यांच्या नियतकालिकात छापली. महागड्या, जास्त बारकाव्याच्या रेकॉर्डिंगचा आवाज एकदा सरळ, आणि एकदा साध्या सीडीच्या दर्जाच्या यंत्रातून फिरवून ऐकवला. ५५४ वेळा विचारलं. बरोबर उत्तरं आली २७६. म्हणजे निम्मीसुद्धा पुरती नाहीत. ऐकणाऱ्यांत ध्वनिमुद्रणाचं काम करणारे लोकही होते.

मग मुलाने कार्ड घे असं का सांगितलं? त्याचंही चुकलं नाही. त्याचं ज्ञान जुनं होतं, एवढंच. एके काळी घरगुती कॉम्प्युटरला 'पीप' करण्यापलीकडे आवाज नव्हता. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली 'साउंड ब्लास्टर' कार्ड आणलं आणि कॉम्प्युटर बोलायला लागला. गंमत म्हणजे आजीची कॅसेटही त्याच सालची! आम्ही २००१ साली पहिला कॉम्प्युटर घेतला, तेव्हाही त्यात वेगळं कार्ड होतं आणि मुलगा शेजाऱ्यांना ते कौतुकाने दाखवायचा. पुढे आवाजाची चिप मदरबोर्डवरच यायला लागली. सुरुवातीला ती खरंच सुमार असायची. २००४ साली इंटेलने तिच्यासाठी नवा, वरच्या दर्जाचा नियम घालून दिला आणि हळूहळू साध्या कॉम्प्युटरमधली चिपही सुधारली. मुलाच्या डोक्यात अजून २००१ साल होतं.

आणि आजीच्या कॅसेटचं म्हणाल, तर पुतणीने आकडेच मांडले. आवाजाचा सर्वात हळू आणि सर्वात मोठा भाग ह्यांतलं अंतर डेसिबलमध्ये मोजतात. सीडीत ते ९६ डेसिबलपर्यंत मावतं. आजच्या साध्या चिपचा आकडाही माहितीपत्रकात नव्वदीच्या पुढे असतो. साध्या कॅसेटचा असतो पन्नाशीच्या आसपास, त्याखाली नुसती सरसर. म्हणजे माझी कॅसेट हा आड, कॉम्प्युटर हा पोहरा. पोहरा आधीच आडापेक्षा मोठा होता आणि मी आणखी मोठा पोहरा विकत घ्यायला निघाले होते! आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणजे साउंड कार्ड कुणीच घेऊ नये का? तसं नाही. पुतणीने जे सांगितलं ते मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय, तुम्हालाही सांगते. मागच्या भोकातूनही खरखर येत असेल, किंवा भोकच खराब झालं असेल, तर बाहेरून लावायचं कार्ड कामाचं. पण त्यासाठी शे-पाचशे ते हजारभराची छोटी यूएसबी पिनही बहुतेक वेळा पुरते. दुसरं, काही मोठे हेडफोन जड असतात, वजनाने नव्हे, विजेला. नेहमीचे हेडफोन ३२ ओहमच्या आसपासचे, पण सेनहायझरचा 'एचडी ६००' ३०० ओहमचा. अशांना साध्या भोकाचा जोर पुरत नाही, आवाज पूर्ण वाढवला तरी दबलेला येतो. तिथे कार्ड किंवा हेडफोनचा वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा. तिसरं, ज्यांना गाणं रेकॉर्ड करायचंय, चांगला माइक लावायचाय, त्यांची गरजच वेगळी. आणि एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. ब्लूटूथचा किंवा यूएसबीचा हेडफोन असेल, तर आकड्यांचा आवाज करणारी चिप हेडफोनच्याच पोटात असते. त्यांना कॉम्प्युटरमधल्या कार्डाचा काही म्हणजे काही उपयोग नाही.

आणि हे सगळं करण्याआधी, हेडफोन बघा. माझ्या हेडफोनच्या गाद्या फाटून त्यांचा भुगा खांद्यावर पडायचा. पुतणीचा धड गाद्यांचा हेडफोन लावला, तेव्हा फरक कळायला ना ओढणी लागली ना नाणं. कानाभोवती नीट बसणारा असला की बाहेरचे आवाज आत येत नाहीत, आणि मग आवाज वाढवावा लागत नाही. हेही महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबल, तीही आठवड्याला ४० तास. त्याहून मोठा आवाज असेल तर तास कमी. मी 'मुरली' ऐकण्यासाठी जो आवाज वाढवत होते, ते आठवून आता अंगावर काटा येतो.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण हे म्हणाले, "आता माझी परीक्षा घ्या."

त्यांना सोपा पेपर दिला. पुढचं भोक की मागचं? चिर्र आहे की नाही? मी दहापैकी दहा सांगितले होते. त्यांचे आले पाच. आम्ही दोघी हसलो. "काका, नीट लक्ष द्या ना," म्हणत पुतणीने माउस जोरजोरात फिरवला. हे शांतपणे बसलेले. "नाही गं. काहीच नाही येत."

आमचं हसू थांबलं.

वयाबरोबर कानाची शक्ती कमी होते ती बारीक, उंच आवाजांपासून. चिर्र उंच. आणि आपल्या बोलण्यातले स, श, फ हेही उंचच. त्यामुळे माणसाला बोलणं ऐकू येतं, पण शब्द लागत नाहीत. पुतणीने हे सांगितलं आणि माझ्या डोळ्यांपुढून दोन-तीन वर्षं सरकली. टीव्हीचा आवाज मोठा. फोनवर "हां हां" करून माझ्याकडे देणं. लग्नाकार्यात एका कोपऱ्यात बसून राहणं. मी समजायची, माणूस निवृत्तीनंतर तुसडा झालाय. कितीदा बोललेही तसं. आणि ते म्हणायचे, तू पुटपुटतेस.

महिनाभर टाळाटाळ झाली. शेवटी मीच नंबर लावला. काचेच्या खोलीत बसवून ऑडिओमेट्री झाली. कागदावरची रेघ डावीकडे सरळ होती आणि उजवीकडे, उंच आवाजांच्या बाजूला, घाटासारखी उतरत गेली होती. दोन्ही कानांची. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं. हे काही बोलले नाहीत. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "तुझे कान गेलेत म्हणालो होतो ना मी?" मी म्हटलं, "असू दे."

राहता राहिली ती मुरली. एका दुपारी वाईच्या मावशीला फोन लावला. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, आजीची थोरली लेक. तिला ती ओवी अडत अडत म्हणून दाखवली. मुरलीशी आले, तशी ती फोनवरच ओरडली, "अगं मुरली काय! मुराळी! मुराळी गं! सासरहून न्यायला भाऊ येतो तो."

मुराळी. हा शब्द मला माहीत होता, पण किती वर्षांत कानावरून गेला नव्हता. मला आणायला कधी मुराळी आला नाही, मी आपली एसटीत बसून जायची. मी पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसले. तीच फाइल, तोच फाटका हेडफोन. आजीने स्पष्ट 'मुराळी' म्हटलं होतं. मधला 'रा' चांगला लांबवला होता. छत्तीस वर्षं तो त्या कॅसेटमध्ये होता. म्हणजे ह्या शब्दापुरता आडही भरलेला होता आणि पोहराही धड होता. माझ्याच कानाने तिथे मुरली ऐकायचं ठरवून ठेवलं होतं, निळ्या दिव्याच्या दिवशी ठरवलं होतं तसंच.

वही आता पूर्ण झाली आहे. त्यात तीन जागा कोऱ्या आहेत. तिथले शब्द मावशीलाही लागले नाहीत. त्या तशाच ठेवल्यात.

आणि ते आठ हजार? ते कानाच्या यंत्रात गेले, वर ह्यांनी बरेच घातले. बोटाच्या पेराएवढं ते यंत्र हातात घेऊन पुतणी म्हणाली, "काकू, ह्यात माइक आहे, आवाजाची चिप आहे, ॲम्प्लिफायर आहे. हेही एक साउंड कार्डच की!" पहिल्या दिवशी ह्यांनी ते कानामागे लावलं आणि घरभर हिंडले. नळ ठिबकतोय म्हणाले. पंखा वाजतोय म्हणाले. मग मी कॉम्प्युटरवर, हेडफोनशिवाय, आजीला लावलं. ऐकता ऐकता ह्यांनी हात वर केला.

"थांब. मागे बांगड्या वाजतायत का गं?"